यामातोचे कठडे आणि प्लास्टिकची मर्यादा

जपानची 'यामातो' युद्धनौका 263 मीटर लांब. 1/350 प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलमध्ये ती जेमतेम 75 सेंटिमीटर भरते. कठड्याचा दांडा 3 सेंटिमीटर जाड धरला, तर मॉडेलवर तो 0.1 मिलिमीटरहूनही बारीक हवा. साच्यातलं प्लास्टिक इतकं पातळ निघतच नाही. रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यात मात्र ते बरंच साधतं. म्हणून वेगळे विकत घ्यायचे हे सुटे भाग म्हणजे निव्वळ चैन नव्हे. 'पैसे फेकले की झालं, त्यात कसब कसलं?' असं कुणी म्हणेल. पण पत्रा दोन-तीनदा उलटसुलट दुमडला की तुटतो, आणि सुपरग्लूचा थेंब जरा मोठा पडला की जाळी बुजते! मॉडेलवर चिकटवायला मिळणाऱ्या लाकडी डेकवरचा आक्षेप मात्र रास्त: खऱ्या लाकडाच्या रेषा प्रमाणात लहान होत नाहीत. तेव्हा खर्च करायचाच तर आधी कठडे, मग 46 सेंटिमीटर व्यासाच्या तोफांच्या पितळी नळ्या. डेक रंगवूनही छान दिसतो.