पिट बुल : दोष बीजाचा कीं धन्याचा ?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

कुत्रा चावला कीं दोष कोणाचा, हा वाद फार जुना आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत तो एका विशिष्ट कुत्र्याभोंवतीं येऊन थांबला आहे. त्याचें नांव पिट बुल. एखाद्या घरांत ह्या कुत्र्यानें लहान मुलाला किंवा वृद्ध माणसाला फाडल्याची बातमी आली म्हणजे दुसऱ्याच दिवशीं दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, 'खाण तशी माती. ह्याच्या रक्तांतच क्रौर्य आहे, ह्याची पैदासच बंद करा.' दुसरा म्हणतो, 'कुत्रा वाईट नसतो, धनी वाईट असतो.' जुलै २०२२ मध्यें लखनौ शहरांत ऐंशी वर्षांपलीकडच्या एका बाईंचा घरांतल्याच पिट बुलनें बळी घेतला, तेव्हां आपल्या देशांतहि हाच वाद झडला. माझें मत मी आधींच सांगून टाकतों. दोन्ही पक्ष अर्ध्या सत्यावर उभे आहेत. परंतु दुसऱ्या पक्षाचें अर्धें सत्य कानाला अधिक गोड लागतें, आणि म्हणूनच तें घरांत अधिक घातक ठरतें.

प्रथम ह्या नांवाचा उलगडा करूं. इंग्रजींत 'पिट' म्हणजे खड्डा. ज्या आखाड्यांत कुत्र्यांच्या झुंजी लावीत तो खड्डा. 'बुल' म्हणजे बैल. इंग्लंडांत कांहीं शतकें बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालत असे. बैलाचें नाक पकडून लोंबकळत राहणारा कुत्रा हा त्या खेळांतला वीर. १८३५ सालीं पार्लमेंटनें कायदा करून हा खेळ बंद केला. कुत्र्यांच्या झुंजींनाहि त्याच कायद्यानें बंदी झाली. पण बैल लपविणें अवघड आणि दोन कुत्रे लपविणें सोपें, त्यामुळें शौकीन मंडळी गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांतून आणि तळघरांतून कुत्र्यांच्याच झुंजी लावूं लागली. त्यासाठीं त्यांनीं जुन्या बुलडॉगची ताकद आणि टेरिअरची चपळाई एकत्र आणली. हा संकर पुढें अमेरिकेंत गेला. तेथें १८९८ सालीं स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबानें त्याची 'अमेरिकन पिट बुल टेरिअर' ह्या नांवानें नोंदणी सुरू केली. इंग्लंडांत १९३५ सालीं त्याचाच भाऊबंद 'स्टॅफर्डशायर बुल टेरिअर' म्हणून मान्यता पावला, आणि १९३६ मध्यें अमेरिकन केनेल क्लबानें आणखी एक शाखा आपल्या दप्तरीं घेतली. सारांश, पिट बुल ही एकच जात नव्हे. तो एका कुळाचा सैल असा कुलवाचक शब्द आहे.

आतां ह्या कुळांत माणसानें पिढ्यान् पिढ्या निवडलें काय ? राग निवडला, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चूक आहे. झुंजीचा एक नियम लक्षांत घेतला म्हणजे हें स्पष्ट होतें. कुत्र्यानें तोंड फिरविलें कीं दोघांना सोडवून आपापल्या कोपऱ्यांत नेत, आणि मग ज्यानें तोंड फिरविलें त्यानें स्वतः होऊन आखाडा ओलांडून शत्रूवर जावें लागे. तो जागचा हलला नाहीं तर हरला. म्हणजे जो कुत्रा जखमी होऊन, दमून, हाडें मोडूनहि पुन्हां जाई, त्याची पिलें विकत घ्यायला लोक रांग लावीत. एरवींचीं कुत्रीं भांडतात तीं गुरगुरून, दांत दाखवून, आणि एकानें शेपूट घातली कीं भांडण मिटवून. येथें ही मिटविण्याची वृत्तीच रक्तांतून काढून टाकण्याचा उद्योग शंभर वर्षें चालला होता. ह्या कुत्र्याच्या जबड्याला कुलूप असतें, ही गोष्ट मात्र खोटी आहे. जबडा इतर कुत्र्यांसारखाच आहे. न सोडणें हें हाडांत नाहीं, स्वभावांत आहे.

पण त्याच आखाड्यांत दुसरीहि एक निवड होत होती. झुंजीच्या ऐन रंगांत मालक आणि पंच आंत उतरून कुत्रे सोडवीत. झुंजीपूर्वीं अंगाला विष लावलेलें नसावें म्हणून प्रतिपक्षाचा माणूस कुत्र्याला धुऊन काढी. अशा वेळीं माणसाला चावणारें जनावर कोणालाच परवडणारें नव्हतें. पुष्कळदां तें मारून टाकीत. म्हणून ह्या कुळांतले कित्येक कुत्रे माणसांशीं अत्यंत लडिवाळ असतात, हें पाळणाऱ्यांचें म्हणणें खरें आहे आणि त्याला कारण आहे. परंतु हा नियमहि सर्वत्र पाळला गेला असें नाहीं. झुंजी जिंकणारा कुत्रा माणसावर धावून जाणारा असला तरी त्याच्यापासून पैदास करणारे लोभी लोक होतेच. आणि पूर्वीं इंग्लंडांत ह्या कुत्र्यांना मुलांच्या दाया म्हणून ठेवीत, अशी जी कथा आतां आवडीनें सांगतात, तिला जुना पुरावा नाहीं.

स्वभाव असा बीजांतून उतरतो काय, अशी शंका कोणाला येईल. तिचें उत्तर सैबेरियांतल्या कोल्ह्यांनीं दिलें आहे. १९५९ सालीं नोव्होसिबिर्स्क येथें द्मित्री बेल्यायेव्ह ह्या शास्त्रज्ञानें आणि त्यांच्या सहकारी ल्युद्मिला त्रूत ह्यांनीं कातड्यासाठीं पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांपैकीं माणसाला कमीतकमी भिणारे तेवढे निवडून त्यांची पैदास सुरू केली. त्यांना शिकवायचें नाहीं, लाडावायचें नाहीं, फक्त निवडायचें. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसतांच शेपूट हलविणारीं, हात चाटणारीं पिलें निपजलीं. पुढें उलट्या दिशेनेंहि निवड केली गेली, आणि पिंजऱ्याच्या गजांवर झेप घेणारा दुसरा वंश तयार झाला. ह्या आक्रमक वंशाचीं पिलें माणसाळलेल्या माद्यांच्या दुधावर वाढविलीं, तरी तीं आपल्या रक्ताच्याच वळणावर गेलीं. बीज कांहींच नाहीं, असें म्हणणाऱ्यानें ह्या कोल्ह्यांकडे पाहावें.

मग संगोपन व्यर्थ म्हणावें काय ? तसेंहि नाहीं. अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत डॅनिएल फ्रीडमन ह्यांनीं केलेला, आणि १९५८ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला ह्या सर्व वादांत सर्वांत बोधप्रद वाटतो. चार जातींचीं पिलें घेतलीं : बसेन्जी, शेटलंड शीपडॉग, फॉक्स टेरिअर आणि बीगल. प्रत्येक जातींतलीं कांहीं पिलें लाडांत वाढविलीं, कांहीं शिस्तींत. मग परीक्षा अशी : खोलींत मांसाचा वाडगा ठेवायचा, पिलूं खायला गेलें कीं वर्तमानपत्राच्या सुरळीनें चापट मारून दरडावायचें, आणि माणसानें बाहेर निघून जायचें. आंत पिलूं काय करतें ? बसेन्जी पिलें, लाडावलेलीं असोत वा शिस्तींतलीं, माणसाची पाठ फिरतांच वाडग्यावर तुटून पडत. शेटलंडचीं पिलें, कशींहि वाढविलेलीं असोत, मांसाला शिवत नसत. ह्या दोन जातींत संगोपनानें फरकच पडला नाहीं. उरलेल्या दोहोंत मात्र पडला. आणि तोहि आपल्या अपेक्षेच्या उलट, कारण लाडांत वाढलेलीं पिलें शिस्तींत वाढलेल्यांपेक्षां अधिक काळ थांबून राहिलीं. संगोपनाचा परिणाम किती आणि कोणत्या दिशेनें होणार, हेंसुद्धां अंशतः बीजच ठरवितें. म्हणून 'बीज कीं धनी' हा प्रश्न 'शेताचें क्षेत्रफळ लांबीमुळें कीं रुंदीमुळें' अशा प्रश्नासारखा आहे.

त्याच प्रयोगशाळेंत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. कांहीं पिलांना मोठ्या कुंपणांत माणसापासून दूर वाढविलें. चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेलीं पिलें पुढें जवळजवळ रानटी जनावरासारखीं वागत. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या मनाची दारें उघडी असण्याचा काळ. त्यानंतर तीं हळूहळू लोटलीं जातात. ह्यांतला पहिला बराचसा भाग पिलूं पैदास करणाऱ्याच्या हातीं असतें, हें आपण विसरतों. नवा धनी दाराशीं येतो तेव्हां अर्धें काम झालेलें किंवा बिघडलेलें असतें.

धन्याच्या बाजूचा सर्वांत जबर पुरावा व्हर्जिनियांतून आला. एप्रिल २००७ मध्यें सरी काउंटींत मायकेल व्हिक ह्या प्रख्यात फुटबॉलपटूच्या जागेवर छापा पडला आणि झुंजीसाठीं पाळलेले सुमारें पन्नास पिट बुल हातीं लागले. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली. असे कुत्रे मारून टाकण्याचीच त्यावेळपर्यंत रीत होती. ह्या खटल्यांत न्यायालयानें प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा करविली. आक्रमकतेस्तव मारावा लागला तो एकच. ४७ वांचले, त्यांतले २२ यूटाह संस्थानांतील एका प्राणि-आश्रमांत गेले, बाकीचे इतर संस्थांमार्फत सांभाळायला दिले गेले. पुष्कळ जनावरें हिंस्र नव्हतीं, भेदरलेलीं होतीं. जमिनीला चिकटून पडून राहत. त्यांतलीं कित्येक पुढें घरांघरांतून नांदलीं. परंतु कांहींना जन्मभर आश्रमांतच ठेवावें, असाहि न्यायालयाचा आदेश होता, आणि जीं घरीं गेलीं तीं अनुभवी लोकांच्या हातीं, अटी घालून गेलीं. ही दुसरी बाजू पिट बुलचे चाहते सांगावयाचें विसरतात.

आंकड्यांकडे वळूं, पण जपून. अमेरिकेंत १९७९ ते १९९८ ह्या काळांतील ज्या २३८ मृत्यूंत कुत्र्याची जात कळली होती, त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत पिट बुल वर्गाचे अथवा रॉटवायलर कुत्रे होते. ह्याला उत्तर म्हणून २०१३ सालीं दुसरी पाहणी पुढें आली. २००० ते २००९ मधील २५६ मृत्यु तिनें तपासले. शेंकडा ८७ प्रसंगीं मधें पडूं शकणारा धडधाकट माणूस जवळ नव्हता. ८४ प्रसंगीं कुत्र्याचें खच्चीकरण झालेलें नव्हतें. ७६ प्रसंगीं कुत्रा माणसांच्या नित्य सहवासापासून दूर, बांधून वा कोंडून ठेवलेला होता. हे सर्व धन्याचे दोष होत, हें उघड आहे. मात्र जे कुत्रे कोणालाहि चावले नाहींत, त्यांच्यांत हेच दोष शेंकडा किती आढळतात, ह्याची तुलना त्या पाहणींत नाहीं. आणि तुलनेवांचून कारण सिद्ध होत नाहीं. शिवाय जात ओळखणें हीच एक पंचाईत आहे. फ्लॉरिडांतील प्राणिगृहांत १२० कुत्र्यांची रक्तपरीक्षा केली, तेव्हां खरे पिट बुल वंशाचे २५ निघाले. तेथल्या जाणत्या नोकरांनीं तो शिक्का त्याच्या दुपटीहून अधिकांवर मारला होता.

२०२२ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत आलेल्या मोठ्या संशोधनांत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. कुत्र्याकुत्र्यांतील वागणुकीच्या फरकापैकीं जातीमुळें पडणारा फरक शेंकडा ९ च्या आसपास, आणि कुत्रा किती लवकर चिडतो हें जातीवरून जवळजवळ सांगतांच येत नाहीं, असा तिचा निष्कर्ष. पिट बुलच्या कैवाऱ्यांनीं तो डोक्यावर घेऊन नाचविला. मी त्याला एवढीच पुस्ती जोडीन कीं, कुत्रा किती वेळां चिडतो हा एक प्रश्न, आणि चिडल्यावर थांबतो कीं नाहीं हा दुसरा. आखाड्यानें निवडलें तें दुसऱ्यासाठीं. चिवावा दिवसांतून दहादां चावेल आणि आपण टिंक्चर लावून मोकळे होऊं.

कायद्याचा अनुभवहि एकतर्फी नाहीं. हॉलंडनें १९९३ मध्यें पिट बुलवर बंदी घातली आणि चावे कमी होत नाहींत असें पाहून २००८ मध्यें उठविली. डेन्व्हर शहरानें १९८९ पासूनची बंदी २०२० मध्यें मतदानानें शिथिल केली. ब्रिटननें मात्र १९९१ चा कायदा कायम ठेवून इंग्लंड व वेल्समध्यें फेब्रुवारी २०२४ पासून 'एक्सएल बुली' हाहि त्यांत ओढला; तो ठेवावयाचा तर खच्चीकरण, विमा, आणि बाहेर नेतांना मुसकें व साखळी, ह्या अटी. आपल्या केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें मार्च २०२४ मध्यें २३ जातींच्या आयातीस, पैदाशीस व विक्रीस मनाई करण्याविषयीं राज्यांना लिहिलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटक व दिल्ली येथील उच्च न्यायालयांनीं तें पत्र रद्द ठरविलें.

तेव्हां, श्रोतेहो, कायदा काय म्हणेल तो म्हणो, ज्यांच्या घरीं असें पिलूं येऊं घातलें आहे त्यांनीं पिलाआधीं त्याची आई पाहावी. ती अनोळखी पाहुण्यापुढें कशी वागते तें पाहावें. दाखवायला विक्रेता नाखूष असेल तर परत फिरावें. आठवा आठवडा पुरा होईपर्यंत पिलूं आईपासून तोडूं नये, आणि घरीं आल्यावर बाराव्यापर्यंतचा एकहि दिवस त्याला एकटें बांधून घालवूं नये. दोन वर्षांचें होईतों दुसऱ्या कुत्र्यांशीं गोडीनें खेळलें, म्हणून पुढेंहि तसेंच राहील असें धरूं नये. झुंजार कुळांत ही वृत्ति पुष्कळदां वयांत आल्यावर जागी होते. गच्चीवर साखळीनें बांधून 'राखणीला' ठेवण्यासाठीं तर हा कुत्रा घेऊंच नये. आणि घरांत रांगतें मूल किंवा काठी टेकून चालणारें माणूस असेल, तर घरांतला धडधाकट माणूस खोलींतून उठतांना कुत्र्याला बरोबर घेऊन उठेल, अशी संवय पहिल्या दिवसापासून लावावी. मग तो कुत्रा किती का मायाळू असेना.