स्प्रिंगफील्डची दारूबंदी

एखाद्या देशाने आपल्या राज्यघटनेत मद्याविरुद्ध कलम घालावे, जवळजवळ चौदा वर्षे त्याचा अंमल चालवून पाहावा आणि अखेर केवळ ते कलम रद्द करण्यासाठी दुसरे कलम घालावे, असा प्रसंग अमेरिकेच्या घटनेच्या इतिहासात एकदाच आला. आणि ज्या पिढीने ते दिवस डोळ्यांनी पाहिले ती बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेल्यावर, त्या प्रसंगावरचे एक अत्यंत मार्मिक भाष्य प्रकट झाले ते कोणा इतिहासकाराच्या ग्रंथातून नव्हे, तर वीस-बावीस मिनिटांच्या एका व्यंगचित्रपटातून. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन अॅनिमेशन मालिकेचा 'होमर व्हर्सेस द एटीन्थ अमेंडमेंट' हा भाग १६ मार्च १९९७ रोजी फॉक्स वाहिनीवरून प्रक्षेपित झाला. त्याचे लेखक जॉन स्वार्ट्झवेल्डर आणि दिग्दर्शक बॉब अँडरसन. नावातच अमेरिकेच्या घटनेची अठरावी दुरुस्ती आहे, आणि तिच्यासमोर प्रतिवादी म्हणून उभा केला आहे तो अणुवीज केंद्रात नोकरी करणारा, बिअरवर जीव असलेला, स्थूलदेही आणि स्थूलबुद्धी होमर सिम्पसन.

कथानकाचा आरंभ सेंट पॅट्रिकच्या सणाने होतो. आयर्लंडच्या या संताचा दिवस अमेरिकेत १७ मार्चला हिरवे पोशाख, मिरवणुका आणि वाहती बिअर यांच्या संगतीत साजरा होतो. स्प्रिंगफील्ड या कल्पित गावातील मिरवणुकीत गर्दीवर बिअरचा फवारा उडवला जातो, होमरच्या दहा वर्षांच्या मुलाच्या, बार्टच्या, तोंडातील पिपाणीवाटे ती बिअर त्याच्या पोटात जाते, आणि झिंगलेला तो पोर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर सापडतो. गाव हादरते. सभ्य घरांतील स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन नगराध्यक्षासमोर उभ्या राहतात, आणि नगरपालिकेच्या दफ्तरात दोनशे वर्षांपूर्वीचा एक कायदा सापडतो, ज्यान्वये गावात मद्य निषिद्धच आहे. फक्त त्याचा अंमल कोणी केलेला नसतो.

हा प्रारंभ हास्यासाठी रचलेला असला तरी त्यामागचा इतिहास हसण्याजोगा नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत शनिवारी हाती पडलेला आठवड्याचा पगार घेऊन कामगार थेट सलूनमध्ये, म्हणजे आपल्याकडील गुत्त्यात, शिरत असे, आणि घरी येई तो रिकाम्या खिशाने व सैल हाताने. त्याच्या पत्नीला मताचा अधिकार नव्हता, घटस्फोट दुर्मीळ होता, आणि मारहाणीची दाद मागावी तर ऐकून घेणारा न्यायाधीशही बहुधा पुरुषांच्याच बाजूचा होता. अशा स्त्रियांनी १८७४ साली ख्रिस्ती महिला मद्यनिषेध संघ स्थापला. पुढे १८९३ मध्ये ओहायो राज्यात निघालेल्या अँटी-सलून लीगने या वेदनेला राजकारणाची धार दिली. वेन व्हीलर या वकिलाने तर आमदार-खासदारांच्या मतांचा हिशेब ठेवण्याची कला इतकी पूर्णत्वास नेली की दोन्ही पक्षांचे पुढारी त्याला वचकून असत. १९१३ साली आयकर आला, तेव्हा मद्यावरील करावाचून सरकारचा खजिना चालणार नाही हा जुना आक्षेप दुबळा झाला. महायुद्ध आले, तेव्हा बिअर गाळणारे बहुसंख्य कारखानदार जर्मन वंशाचे असल्याने बिअर पिणे देशद्रोहाच्या शेजारी जाऊन बसले. अठराव्या दुरुस्तीला जानेवारी १९१९ मध्ये आवश्यक तितक्या राज्यांची संमती मिळाली. त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून संमत झालेल्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्क्यापेक्षा अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय मादक ठरवले, आणि १७ जानेवारी १९२० पासून देश कायद्याने कोरडा झाला. ज्यांनी सौम्य बिअर आणि वाइन वाचेल या विश्वासाने दुरुस्तीला पाठिंबा दिला होता, त्यांना ही व्याख्या वाचून धक्का बसला.

स्प्रिंगफील्डमधील डफ बिअरचा कारखाना बंदी येताच मद्यार्कविरहित बिअर बाजारात आणतो आणि अर्ध्या तासात दिवाळे काढतो. प्रत्यक्षात अनेक कारखाने याहून चिवट निघाले. अॅनहॉयझर-बुश कंपनीने 'बेव्हो' नावाचे अल्प-मद्यार्काचे पेय, यीस्ट आणि माल्टचे सरबत विकले, यंगलिंग कुटुंबाने आइस्क्रीमचा धंदा काढला, कूर्स कंपनी चिनीमातीची भांडी आणि माल्टयुक्त दूध यांवर तगली. शेकडो लहान कारखाने मात्र कायमचे मिटले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांस एक पाइंट व्हिस्की औषध म्हणून मिळत असे, आणि धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाइनलाही मुभा होती; या दोन फटींतून जितके मद्य वाहिले तितके रोगी आणि तितके भाविक त्या देशात होते असे मानणे कठीण आहे.

या भागाचे खरे सामर्थ्य मला जाणवते ते अंमलबजावणीच्या चित्रणात. गावचा पोलीसप्रमुख विगम हा स्वतःच मो याच्या गुत्त्यात पीत बसलेला असतो, आणि माफियांच्या मालमोटारी बिनदिक्कत वेशीतून आत येतात. लोकांच्या तक्रारीवरून त्याला काढून वॉशिंग्टनहून रेक्स बॅनर हा अधिकारी पाठवला जातो: चौकोनी जबडा, करडा आवाज, आणि डोक्यावरची टोपी जणू हुकुमाचाच भाग. हे दारूबंदीचा अंमलदार एलियट नेस याचे, किंबहुना १९५९ ते १९६३ या काळात 'द अनटचेबल्स' या दूरचित्रवाणी मालिकेत रॉबर्ट स्टॅक याने उभ्या केलेल्या नेसचे विडंबन आहे. त्या मालिकेत वॉल्टर विंचेल या पत्रकाराचे घाईच्या सुरातले निवेदन असे, आणि इथेही तशाच सुरात निवेदक कथा पुढे ढकलत राहतो. खऱ्या नेसची कहाणी दंतकथेहून बरीच फिकी आहे. शिकागोतील अल कपोन याच्या भट्ट्यांवर त्याच्या निवडक पथकाने धाडी घातल्या, मद्यविषयक हजारो गुन्ह्यांचे आरोपपत्रही तयार झाले; परंतु १९३१ साली कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली ती आयकर चुकवल्याबद्दल. दारूबंदीच्या सर्वांत मोठ्या गुन्हेगाराला दारूबंदीच्या कायद्याने शिक्षा झाली नाही, ही गोष्ट त्या कायद्याविषयी पुष्कळ सांगते. सबंध देशासाठी आरंभी जेमतेम दीड हजार निरीक्षक नेमले होते, त्यांचा पगार तुटपुंजा होता, आणि ज्याच्यावर धाड घालायची त्याच्याकडे त्यांच्या वर्षभराच्या पगाराची रक्कम खिशातून काढून देण्याची ऐपत होती. विगम हा दुष्ट मनुष्य नाही. तो त्या व्यवस्थेत घडणारा सामान्य मनुष्य आहे, आणि लेखकाने त्याला तसेच दाखवले, हे मला फार न्याय्य वाटते.

बॅनर वेस बंद करतो आणि गावात खरोखरच टंचाई होते, तेव्हा होमरचे मस्तक चालू लागते. बंदी आली तेव्हा कचरा डेपोत पुरलेली बिअरची पिंपे तो रात्री मुलाला बरोबर घेऊन उकरून आणतो. बोलिंग हा लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळवून दहा सोंगट्या पाडण्याचा खेळ. होमर ते चेंडू पोकळ करून त्यांत बिअर भरतो, क्रीडागृहात जाऊन खेळत असल्यासारखे टाकतो, आणि चेंडू पट्टीच्या कडेच्या नाल्यात पडून गुप्त नळातून गडगडत थेट मोच्या गुत्त्यात पोचतो. गुत्त्यावर बाहेरून पाटी असते पाळीव प्राण्यांच्या दुकानाची, आणि बॅनर धाडीला आला की क्षणार्धात आतले सारे दृश्यही तसे होते. आपल्या नवऱ्याची ही युक्ती कळल्यावर त्याची बायको मार्ज रागावण्याऐवजी आश्चर्याने थक्क होते, कारण इतकी बुद्धी त्याने आयुष्यात कधी वापरलेलीच नसते. ही कल्पना अतिशयोक्त आहे असे कोणास वाटेल. परंतु त्या काळातील खऱ्या भट्टीवाल्यांनी बुटांच्या तळाला गाईच्या खुरांच्या आकाराचे लाकडी ठोकळे बांधले होते, म्हणजे रानातील भट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर निरीक्षकाला माणसाची पावले न दिसता जनावराची दिसावीत. असे जोडे जप्त झाले आणि त्यांची छायाचित्रेही उपलब्ध आहेत. आपल्याकडेही हेच घडले. मुंबई इलाख्यात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, आणि त्यानंतर हातभट्टीवाल्यांनी मोटारींच्या चाकांतील रबरी ट्यूबांत दारू भरून ती अंगावर, लुगड्याखाली, लोकलच्या डब्यातून वाहून नेली. गुळाचे आणि नवसागराचे रसायन खाडीच्या चिखलात पिंपे पुरून आंबवले. आणि हप्ता कोणत्या तारखेला कोणाकडे पोचतो हे वस्तीतील पोरासोरांनाही ठाऊक असे. कायदा मनुष्याला सज्जन करतो की नाही हे सांगणे अवघड आहे, पण तो कल्पक खास करतो.

साठा संपल्यावर होमर तळघरात न्हाणीच्या टबांतून स्वतः दारू गाळू लागतो. एकामागून एक भट्ट्यांचे स्फोट होतात, घर हादरते, आणि मार्जच्या विनवणीवरून तो धंदा सोडतो. येथे मात्र या भागाविषयी माझी गंभीर तक्रार आहे. भट्टीचा स्फोट डोळ्यांना गमतीदार दिसतो आणि व्यंगचित्रात त्याने कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. त्या चौदा वर्षांत लोक मेले ते मुख्यतः आवाज न करणाऱ्या विषाने. उद्योगधंद्यांसाठी लागणारा मद्यार्क पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून सरकारच्याच नियमाने त्यात मेथिल मद्यार्क मिसळला जाई. चोरधंदेवाले तो पळवून अर्धवट शुद्ध करून विकत. आणि चोरी थांबत नाही असे पाहून सरकारने मिश्रणातील विषाचे प्रमाण आणखी वाढवले. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत आंधळे झालेले आणि मरू घातलेले लोक येऊ लागले, तेव्हा त्या शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर आहे असे उघडपणे सांगितले. १९३० साली जमैका जिंजर नावाच्या आल्याच्या अर्कात भेसळीसाठी वापरलेल्या रसायनाने हजारो गोरगरिबांचे पाय कायमचे लुळे पडले. श्रीमंतांना कॅनडाची खरी व्हिस्की मिळत होती. विष प्याले ते ज्यांना तिची किंमत परवडत नव्हती ते. मुंबईतील मालवणीच्या झोपडपट्टीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली तीही याच मेथिल मद्यार्काने, आणि तीही सारी हातावर पोट असणारी होती. विडंबनकाराने हास्य निर्माण करावे हा त्याचा धर्मच आहे, परंतु सर्वांत दुबळ्यांवर कोसळलेला हा भाग त्याने संपूर्ण वगळला, म्हणून चित्र अपुरे राहिले, असे मला मनापासून वाटते.

होमर व्यवसाय सोडतो, पण नोकरी गेलेला, कंगाल झालेला विगम एका रात्री त्यालाच लुटू पाहतो, तेव्हा त्याची कीव येऊन होमर म्हणतो की मलाच पकडून दे, म्हणजे तुझी जागा तुला परत मिळेल. जुन्या कायद्यात शिक्षा लिहिलेली असते गोफणयंत्रात घालून गावाबाहेर भिरकावण्याची. मार्ज गावासमोर उभी राहून या अघोरी शिक्षेचा निषेध करते. बॅनर कायद्याच्या पावित्र्यावर व्याख्यान देत देत नेमका त्या यंत्रावर जाऊन उभा राहतो आणि विगमच्या हुकुमाने तोच आकाशात भिरकावला जातो. मग कारकून तो चर्मपट पुढे वाचतो आणि निष्पन्न होते की हा कायदा जेमतेम एक वर्ष चालून एकशे नव्याण्णव वर्षांपूर्वीच रद्द झालेला आहे. गावात पुन्हा दारू यायला किती वेळ लागेल असे विचारता माफियांचा म्होरक्या उत्तरतो, चार मिनिटे.

अमेरिकेला रद्दीकरणासाठी इतके अपघाती योग लाभले नाहीत. मंदीने खजिना रिता केला, आणि मद्यावरच्या महसुलाची आठवण पुन्हा झाली. एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअर मोकळी झाली, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी युटा या छत्तिसाव्या राज्याच्या संमतीने एकविसावी दुरुस्ती पूर्ण झाली. या चळवळीत पॉलिन सेबिन यांनी १९२९ साली उभारलेली स्त्रियांची संघटना आघाडीवर होती, हे विसरून चालणार नाही. एका पिढीच्या मातांनी मुलांच्या काळजीने बंदी मागितली, आणि पुढच्या पिढीच्या मातांनी, गुत्ते जाऊन त्यांच्या जागी दाराआडचे अड्डे आले व तरुण मुले तेथे जाऊ लागली हे पाहून, त्याच काळजीने ती उठवायला लावली.

म्हणूनच या भागातील स्त्रियांचे चित्रण मला उथळ वाटते. आरंभी मोर्चा आणणाऱ्या बाया तेथे केवळ शहाणपणा मिरवणाऱ्या दाखवल्या आहेत. बार्टच्या निमित्ताने उसळलेल्या त्यांच्या संतापामागे कोणाच्या घरात काय घडत होते याची साधी चौकशीही कथा करत नाही. अशा स्त्रियांचे म्हणणे ऐकण्याची एक वाट आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात मद्याचा व्यवहार आजही चालतो तो दारूबंदी अधिनियम याच नावाच्या कायद्याखाली, आणि त्याच्या अक्षरानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. पण त्याच राज्यात गावातील दुकान बंद करायचे की नाही याचा कौल स्त्रियांकडून गुप्त मतदानाने घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली छापलेली असते, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपले मत देता यावे. ही मागणी राजधानीतून खाली येत नाही. ज्या ओट्यावर नवरा पिऊन पडतो त्या ओट्यावरून ती वर जाते, आणि म्हणून ती अमेरिकेच्या दुरुस्तीहून वेगळ्या जातीची आहे. मात्र आडवी बाटली, म्हणजे दुकानबंदी, जिंकण्यास मतदान केलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. सासरहून माहेरी गेलेली, ऊसतोडीला परजिल्ह्यात असलेली, अथवा नवऱ्याच्या धाकाने घराबाहेर न पडलेली प्रत्येक बाई त्या हिशेबात दुकानाच्या बाजूची धरली जाते. हा नियम बदलला पाहिजे.