विश्लेषण : नेट सुसाट, मग अपलोडच का रखडते?

समजा, इंदिरानगरमधल्या एका व्हिडीओग्राफरला लग्नाच्या शूटिंगची २० जीबीची फाइल रात्रीतून मुंबईच्या एडिटरकडे पाठवायची आहे. घरात सिमवर चालणारा राउटर आहे. त्यावर टीव्हीवरचा सिनेमा एकदाही अडखळत नाही, पण अपलोड ५ एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही. या वेगाने फाइल पोहोचायला सुमारे ९ तास लागतील. २० एमबीपीएस मिळाले, तर सव्वादोन तासांत काम संपेल. ऑनलाइन क्लास घेणारे शिक्षक, घरून काम करणारे तरुण आणि शेवटच्या दिवशी अर्जासोबत कागदपत्रे जोडणारे विद्यार्थी यांचेही गाडे इथेच अडते. मग बरेच जण महागडा प्लॅन घेतात आणि अपलोड होते तिथेच राहते.

अपलोडच का मंदावते?

टॉवरवरचा अँटेना दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही जास्त ताकदीने बोलतो. घरातल्या राउटरची मर्यादा साधारण ०.२ वॅट. म्हणजे टॉवरचा आवाज घरात स्वच्छ ऐकू येतो, पण घरातला आवाज टॉवरपर्यंत पोहोचतोच असे नाही. राउटरवर दिसणाऱ्या सिग्नलच्या दांड्या फक्त पहिली बाजू दाखवतात. म्हणून चार दांड्या असूनही अपलोड रडतखडत चालते.

दुसरे कारण वाटपाचे. फोर-जीचा २३०० आणि फाइव्ह-जीचा ३३०० ते ३६०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकाच लहरीवर पाळीपाळीने पाठवणे आणि घेणे या पद्धतीने चालतो. त्यातला बहुतांश वेळ डाऊनलोडला दिलेला असतो, कारण ग्राहक पाहतो जास्त आणि पाठवतो कमी. सरकारी व्याख्येचा कलही तसाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला, पण ती अट डाऊनलोडची. अपलोडचा त्यात उल्लेख नाही.

राउटर कुठे ठेवायचा?

खरा फरक इथेच पडतो. बहुतेक घरांत राउटर टीव्हीच्या कपाटात, भिंतीला चिकटून किंवा सोयीच्या प्लगजवळ बसवलेला असतो. वायफाय सगळीकडे पोहोचावे म्हणून घराच्या मधोमध ठेवण्याचा सल्ला फायबरच्या राउटरला ठीक आहे. सिमच्या राउटरला आधी टॉवर गाठायचा असतो, त्यामुळे त्याची जागा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, सिडकोतली एकमेकांना खेटलेली घरे, पाथर्डी फाट्याकडच्या आरसीसी इमारती, प्रत्येक ठिकाणी अडथळा वेगळा. लोखंडी जाळी, स्टीलचे कपाट, फ्रिज आणि काचेवरची धातूची फिल्म यांच्यापासून राउटर दूर हवा. टॉवर नेमका कोणत्या बाजूला आहे, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर नकाशात पाहता येते.

जागा ठरवताना अंदाजापेक्षा आकड्यांवर भरवसा ठेवावा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएसआरपी’ आणि ‘एसआयएनआर’ असे दोन आकडे असतात. पहिला सिग्नलची ताकद सांगतो : उणे ८५ च्या आसपास चांगला, उणे ११० म्हणजे कमकुवत. तीन अंकांनी सुधारला तर ताकद दुप्पट, दहा अंकांनी सुधारला तर दहापट होते. दुसरा आकडा स्वच्छतेचा. तो २० च्या पुढे उत्तम, ५ च्या खाली त्रासदायक. राउटर दोन-तीन फूट सरकवा, दोन मिनिटे थांबा, मग वेग मोजा. ट्रायचे ‘मायस्पीड’ ॲप अपलोडही दाखवते. मोजणी शक्यतो लॅनच्या वायरने करावी, नाहीतर वायफायचा दोष टॉवरच्या माथी जातो. पहाटे वेग छान आणि रात्री नऊला ढेपाळत असेल, तर दोष जागेचा नसून टॉवरवरच्या गर्दीचा आहे.

सेटिंगमध्ये काय बदलता येते?

काही राउटरमध्ये बँड निवडता येतो. १८०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यात अपलोडला स्वतंत्र लहर असते. तो निवडल्यावर डाऊनलोड थोडे घटून अपलोड वाढल्याचे दिसू शकते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय अनेकदा बंद असते, तेव्हा नाद सोडलेला बरा.

घरातली गळतीही पाहावी. क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही, फोनमधल्या फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप हे गुपचूप अपलोड खातात. अपलोड पूर्ण भरले की डाऊनलोडही मंदावते, कारण ‘डेटा मिळाला’ ही पोच पाठवायलाही तोच रस्ता लागतो. बॅकअप मध्यरात्रीनंतर लावला, तर व्हिडिओ कॉल सुधारतो.

अँटेना की बूस्टर?

मखमलाबादकडे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागेतल्या घरात टॉवर लांब असतो. तिथे गच्चीवर टॉवरकडे तोंड करून लावलेला अँटेना उपयोगी पडतो, अर्थात राउटरला त्याची जोडणी असेल तरच. वायर आखूड हवी, लांब वायरीत मिळवलेली ताकद विरून जाते. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते बसवणे बेकायदा आहे. शिवाय त्यांचा गोंगाट थेट टॉवरच्या कानावर पडतो, आणि एका घराच्या हौसेपायी आख्ख्या गल्लीचे अपलोड बिघडते.

एवढे करूनही वेग वाढला नाही तर?

वेगवेगळ्या वेळांच्या मोजणीचे स्क्रीनशॉट ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द आणि प्लॅनमध्ये अपलोडचा आकडा लिहिला आहे का, हे आधी वाचावे. ज्यांचे पोट रोजच्या मोठ्या फाइलींवर आहे, त्यांनी इमारतीत फायबर आले आहे का याची चौकशी करावी. तिथे अनेक प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाऊनलोडइतकाच असतो.