केळीच्या खोडापासून वॉलपेपर? खान्देशातील डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी आधी हे समजून घ्यावे

भुसावळ : घर, हॉटेल, दुकान सजवताना एका भिंतीला वॉलपेपर लावण्याची पद्धत आता लहान शहरांतही रुळली आहे. बहुतेक माल यंत्रावर छापलेला असतो. मात्र हाताने बनवलेल्या कागदाचा वॉलपेपर हा वेगळा आणि महागडा व्यवसाय आहे. डिझाइन शिकणाऱ्या खान्देशातील मुलामुलींसाठी त्यात संधी आहे आणि काही खाचखळगेही.

खान्देशाचा संबंध काय?
शेजारचे यावल आणि एरंडोल ही गावे एकेकाळी देशी जाड्याभरड्या कागदासाठी प्रसिद्ध होती. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा मागे पडला. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात 1940 मध्ये हातकागद संस्था सुरू झाली.
कच्चा माल मात्र आजही दारातच आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घड कापल्यावर त्या झाडाला पुन्हा फळ येत नाही. उरलेल्या खोडातून धागा निघतो आणि त्यापासून कागद बनतो.

कागद बनतो कसा?
खोडाची सोपटे काढून धागा वेगळा करतात. तो कॉस्टिक सोड्यात शिजवून, धुऊन, कुटून लगदा करतात. लगदा पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर उचलला की एक ताव तयार होतो. मग दाबणे, वाळवणे आणि घोटणे. सुती चिंध्यांचा लगदा मिसळला तर ताव मऊ होतो. धागा नीट शिजला-धुतला नाही, तर कागद लवकर पिवळा पडतो.

भिंतीचे गणित
बाजारातील नेहमीचा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि सुमारे 10 मीटर लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फुटांचा असतो. 12 फूट रुंद, 10 फूट उंच भिंतीला असे तीन रोल लागतात. हातकागद रोलमध्ये नव्हे, तावात मिळतो. 22 बाय 30 इंचाचे तावच जोडायचे म्हटले, तर त्याच भिंतीला सुमारे 30 ताव लागतील. प्रत्येक ताव जाडीला आणि रंगाला थोडा वेगळा असतो. त्यामुळे सांधे लपवण्यापेक्षा ते नक्षीतच बसवणे शहाणपणाचे. ओल येणाऱ्या भिंतीला हा कागद लावूच नये.

पैसे कोण देते?
घरमालक थेट क्वचितच येतो. मधे आर्किटेक्ट किंवा इंटिरिअर डिझायनर असतो. त्याला चित्रापेक्षा नमुन्याचा तुकडा, दर चौरस फुटाचा भाव आणि माल मिळण्याची तारीख हवी असते. दर सांगताना वाया जाणारे ताव, वाहतूक आणि लावणाऱ्या कारागिराची मजुरी धरली नाही, तर तोटा ठरलेला.

नक्षी कोणाची?
सर्वात मोठी चूक इथेच होते. डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदणी केलेल्या नक्षीला 10 वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी 5 वर्षे वाढवता येते. पण नक्षी नवीन असावी लागते. अर्ज करण्याआधीच ती इन्स्टाग्रामवर टाकली, तर नवेपणावर आक्षेप येऊ शकतो. नोंदणी करता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि कारखानी पद्धतीने तिच्या 50 पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइटही संपतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी अर्ज, मग पोस्ट.

शिकायचे कुठे?
अहमदाबादची एनआयडी स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. आयआयटींच्या बी.डिझाइनसाठी 'यूसीड' ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. केवळ कागदाचे तंत्र शिकायचे असेल, तर जयपूरजवळच्या सांगानेर येथे कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था आहे.
प्रवेशाची वाट न पाहता एक गोष्ट आजही करता येते. केळीच्या बागेतून एक खोड आणून घरच्या घरी चार ताव करून पाहावेत. पोर्टफोलिओत संगणकावरच्या दहा चित्रांपेक्षा हातात घेता येणारा तो ताव जास्त बोलतो.