तीन पायाळू वासरे

समजा, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात १२ गाई आहेत. एका वर्षात बाराही गाई व्याल्या आणि त्यांतली तीन वासरे मागच्या पायांनी बाहेर आली. दोन वाचली, एक दगावले. मग गावात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, वळूचा दोष. कोणी म्हणतो, कडब्याला बुरशी लागली होती. कोणी ग्रहणाकडे बोट दाखवतो. शेतकऱ्याला मात्र एवढेच हवे असते, की पुढच्या वर्षी वासरू दगावू नये. त्यासाठी कारण शोधायला हवे. ते कसे शोधतात, ते पाहू.

पायांकडून जन्मलेल्या माणसाला आपल्याकडे ‘पायाळू’ म्हणतात. पायाळूला जमिनीखालचे पाणी दिसते, उसण भरल्यास पायाळूचा पाय लावावा, पायाळूवर वीज पडते, अशा समजुती खेडोपाडी ऐकू येतात. त्यांतल्या एकीलाही आधार नाही. शब्द मात्र मोठा सोयीचा आहे. म्हणून तो आपण वासरांनाही लावू.

गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. नेहमीच्या विण्यात प्रथम पुढचे दोन खूर दिसतात आणि त्यांच्यावर टेकलेले नाक येते. पोहणारा मुलगा विहिरीत सूर मारतो ना, अगदी तसे. पायाळू वासराचे आधी मागचे खूर येतात आणि बहुधा त्यांचे तळवे वरच्या बाजूस असतात. पण नुसत्या तळव्यांवरून निर्णय करू नये. पुढच्या पायांनी येणारे वासरू उताणे असले तरीही तळवे वरच दिसतात. खरी खूण सांध्यांची. पुढच्या पायात खुराजवळचा सांधा आणि त्यावरचा गुडघा एकाच दिशेने वाकतात. मागच्या पायात खुराजवळचा सांधा एका दिशेने, तर त्याच्या वरचा टोकदार हाडाचा सांधा उलट दिशेने वाकतो. गोठ्यातल्या एखाद्या गरीब वासराचे पाय हळूच वाकवून पाहा, म्हणजे हा फरक कायमचा लक्षात राहील.

यात धोका कोणता? पोटात असताना वासराला प्राणवायू नाळेतून मिळतो. नेहमीच्या विण्यात नाळेवर दाब येईपर्यंत नाक बाहेर आलेले असते. पायाळू वासराचे पुठ्ठे बाहेर येऊ लागले, की नाळ गाईच्या कमरेच्या हाडावर दाबली जाते, आणि डोके तर अजून आत, द्रवात असते. तेथेच वासराने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तर तो द्रव फुप्फुसात जातो. म्हणून पुठ्ठे बाहेर आल्यावर उरलेले विणे काही मिनिटांतच पुरे व्हावे लागते. मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असले आणि फक्त शेपटी पुढे आली, तर प्रकार आणखी अवघड होतो. गाय नीट कळाही देत नाही, आणि ती विण्याच्या बेतात आहे हे मालकाच्या ध्यानातच येत नाही. अशा वेळी पशुवैद्याला बोलावण्यात तासाभराचाही उशीर करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वासरू उलटे येते कशामुळे?

येथे एक नवलाची गोष्ट सांगायला हवी. गाभणकाळाच्या मधल्या महिन्यांत उलट्या दिशेने असणारी वासरे मुळीच दुर्मिळ नसतात. गर्भ लहान असतो, भोवती द्रव भरपूर असतो, आणि तो सहज इकडचा तिकडे फिरतो. पुढे त्याची लांबी वाढते, जागा अपुरी पडू लागते. त्याच्या स्वतःच्या हालचाली आणि गर्भाशयाचे आकुंचन यांमुळे साधारण सातव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत बहुतेक वासरे डोके बाहेरच्या वाटेकडे करतात. नंतर पूर्ण वळण घ्यायला जागाच उरत नाही. तोवर जे वळले नाही, ते पायाळू राहते. असे सुमारे २० वासरांत एक, म्हणजे ५ टक्के, असते. म्हणजे पायाळू वासराच्या बाबतीत काही विपरीत घडलेले असते असे नाही. बहुधा एक नेहमीची गोष्ट घडायची राहून गेलेली असते.

ती का राहते? जुळी असली तर कारण सरळ आहे. दोघांना मिळून जागा कमी, म्हणून जुळ्यांत एक डोक्याकडून आणि दुसरे पायांकडून येणे नेहमीचेच. गर्भ पोटातच मेलेला असला किंवा त्याचे सांधे आखडलेले असले, तर तो हालचाल करू शकत नाही. जपानमधील अकाबाने या ठिकाणावरून नाव पडलेला एक विषाणू चिलटांसारख्या बारीक कीटकांमार्फत पसरतो आणि गर्भाचे सांधे आखडतात. १९७०नंतरच्या दशकात जपानात आणि ऑस्ट्रेलियात त्याने बरेच नुकसान केले. पण अशी वासरे जन्मतःच वाकड्या पायांची दिसतात. आपल्या गोठ्यातली तिन्ही वासरे एकेकटी आणि सरळ अंगाची होती असे धरू. मग ही दोन्ही कारणे बाद झाली.

चाऱ्याचे काय? निकृष्ट चाऱ्याने गाय अशक्त होते, वार अडकते, वासरू दुबळे निपजते. हे सगळे खरे, परंतु त्यामुळे वासरू उलटे येते याला चांगला पुरावा नाही. राहता राहिला वळू. आज पुष्कळ गाई कृत्रिम रेतनाने गाभण राहतात. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले एकाच वळूचे वीर्य गावोगावी पोचते. वळूचा दोष असता, तर इतर गावांतही त्याची वासरे पायाळू निघाली असती. ते विचारून पाहता येते. हा गुण आनुवंशिक असलाच, तरी त्याचा वाटा लहान आहे. ग्रहणाची परीक्षा तर त्याहून सोपी: ते शेजारच्या गोठ्यावरूनही गेले होते!

आता एक संशयित उरतो, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो म्हणजे योगायोग.

२० वासरांत एक, म्हणजे १२ वासरांत एकही पुरते नाही. मग तीन कशी? हिशेब करू. एक वासरू सरळ येण्याची शक्यता ०.९५. बाराही सरळ येण्याची शक्यता ०.९५चा बारा वेळा गुणाकार, म्हणजे ०.५४. एकच पायाळू येण्याची शक्यता ०.३४, दोन येण्याची सुमारे ०.१०. तिन्हींची बेरीज ०.९८. उरले ०.०२. म्हणजे १२ गाईंच्या प्रत्येक ५० गोठ्यांपैकी सरासरी एकात, कोणतेही खास कारण नसताना, तीन किंवा अधिक पायाळू वासरे येणारच. असे १,००० गोठे घेतले, तर सुमारे ५४० गोठ्यांत एकही पायाळू नसेल आणि सुमारे २० गोठ्यांत तीन किंवा अधिक असतील. चर्चा होते ती या वीस गोठ्यांची. पाचशे चाळीस मालकांपैकी एकही ‘यंदा सगळी सरळ कशी आली?’ म्हणून काळजी करीत बसत नाही.

विश्वास बसत नसेल, तर वर्गात करून पाहा. २० चिठ्ठ्या घ्या आणि एकीवर फुली मारा. घडी करून डब्यात टाका, हलवा, एक काढून पाहा, पुन्हा डब्यात टाका. चिठ्ठी परत टाकायला विसरू नका. एका गाईचे वासरू कसे आले, याचा दुसऱ्या गाईच्या वासरावर परिणाम होत नाही. असे १२ वेळा केले, की एक गोठा झाला. ५० मुलांनी चार-चार गोठे केले, तर २०० गोठ्यांत सरासरी चार वेळा तीन किंवा अधिक फुल्या येतील. कधी दोनच, कधी सहाही. ज्याच्या वाट्याला त्या येतील, त्याला ‘माझ्याच चिठ्ठ्यांत काहीतरी गडबड आहे’ असे हमखास वाटेल!

शेतकऱ्याने मग स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. योगायोग शक्य आहे, एवढेच हिशेबाने कळले. तोच घडला, हे सिद्ध झाले नाही. त्याने वहीत नोंद ठेवावी: गाय कोणती, वळू कोणता, तारीख, वासरू एक की जुळे, जिवंत की मेलेले, आधी कोणते खूर दिसले. दुसऱ्या वर्षीही तीन किंवा अधिक पायाळू आली, तर दोन्ही वर्षे निव्वळ योगायोगाने असे होण्याची शक्यता ०.०२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०००४ होते. अडीच हजार गोठ्यांत एक! तेव्हा मात्र वही घेऊन पशुवैद्याकडे जावे. मेलेले वासरू असल्यास ते पुरण्यापूर्वी तपासून घ्यावे. आणि दोन्ही वर्षे पायाळू वासरे देणारी गाय एकच आहे की वेगवेगळ्या, हे पशुवैद्याने पहिल्यांदा विचारले, तर उत्तर वहीत तयार असेल.