दहा-बारा लाखांत वेगाची मजा परवडते का?

२०१५ साली फियाटने रांजणगावला तयार होणारी अबार्थ पुंटो बाजारात आणली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशांत एवढी ताकद तेव्हा दुसऱ्या कुठल्याच हॅचबॅकमध्ये नव्हती. तरी ती फारशी खपली नाही. मायलेज किती, सर्व्हिस सेंटर कुठे आणि विकताना काय येईल, या तीन प्रश्नांत आपल्याकडे भल्याभल्या गाड्या अडकतात.

त्यात कराची रचना अशा गाड्यांच्या मुळावर आलेली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तरच गाडी 'छोटी'. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाडीवर थेट ४० टक्के. म्हणून कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि टर्बो बसवून ताकद वाढवतात. २०२१ची ह्युंदाई आय२० एन लाइन एक लिटरची, २०२४ची टाटा अल्ट्रोझ रेसर १.२ लिटरची, ताकद दोघींची १२० अश्वशक्ती. बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे ९.८४ आणि ९.४९ लाखांपासून सुरू होत होत्या. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर २०१५चे दहा लाख म्हणजे २०२५चे सोळा लाखांहून अधिक. त्या हिशेबाने अश्वशक्ती महाग झालेली नाही.

पण पैसे नुसत्या अश्वशक्तीचे मोजायचे नसतात. ताम्हिणीच्या वळणावर गाडी किती झुकते, उतारावर ब्रेक किती विश्वासाने लागतात, स्टीअरिंगमधून रस्ता हाताला कळतो का, खरी किंमत याची. एन लाइनमध्ये सस्पेन्शन कडक केलं, स्टीअरिंगची जुळणी बदलली, मागेही डिस्क ब्रेक दिले. ते पैसे सार्थकी लागतात. नुसते लाल पट्टे, बॅज आणि काळं छत यांच्यासाठी जादा लाख मोजणं मला पटत नाही.

वापरलेल्या गाड्यांत माझी पसंती चाकणच्या फोक्सवॅगन पोलोला. २०१३ची १.२ लिटर जीटी टीएसआय फक्त सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळायची. तो गिअरबॉक्स बिघडला, तर स्वस्तात मिळालेली गाडी महागात पडते. त्यापेक्षा २०२० ते २०२२ मधली ११० अश्वशक्तीची, सहा गिअरची मॅन्युअल पोलो बघावी. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसेल, तर सौदा सोडावा. इंजिनाचं रीमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल, झालंय का, हेही तपासून घ्यावं. बाहेरून ते दिसत नाही.

नव्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्सही लागतो: पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. त्यावर विमा, शिवाय रुंद टायरचा खर्च. हे सगळं धरूनही सस्पेन्शन आणि ब्रेकवर खरंच काम झालेली गाडी आजही पैसे वसूल करते. बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमभोवतीच्या एका फेरीवर भागवू नका. खराब रस्ता आणि एखादा घाट मागून घ्या.