बोटे वाचवणारा प्लायचा तुकडा

प्रताप नगरात एखाद्या फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम निघाले की करवतीचा आवाज चार घरे लांब जातो. आत डोकावले तर अनेकदा हेच दिसते: हातात धरायचा चार इंची कटर प्लायच्या फळीखाली उलटा बसवलेला, फटीतून वर आलेले पाते आणि उघड्या हाताने लाकूड पुढे सरकवणारा कारागीर. पात्यावरचे झाकण केव्हाच काढून टाकलेले. मोठे लाकूड लकडगंजहून चिरून येते, पण अरुंद पट्ट्या घरातच अशा टेबलावर काढल्या जातात. खरा धोका त्या शेवटच्या अरुंद पट्टीत असतो.

असा कटर मिनिटाला साधारण 12 हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 200. हात घसरला हे कळून तो मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात 30 दातांच्या पात्याचे 1200 दात तिथून गेलेले असतात. ‘लक्ष असले की काही होत नाही’ हे म्हणूनच खरे नाही.

सुरीची जखम आणि करवतीची जखम यांत मोठा फरक आहे. सुरी रेघ मारते. करवत दोन-तीन मिलिमीटर जागेचा भुसाच करते. तिथले हाड, रक्तवाहिनी, चेतातंतू शिल्लकच राहत नाहीत. जपानमध्ये कोमात्सु आणि तमाई यांनी 1965 मध्येच तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला होता. पण चिंध्या झालेल्या कडा जोडणे अवघड, आणि जोडल्यावरही स्पर्श व वाकणे पूर्ववत होईलच असे नाही. हाताचे सुमारे 40 टक्के काम एकट्या अंगठ्याचे मानतात. सुताराच्या बाबतीत तो हिशेब आणखी कडू.

उपाय उरलेल्या तुकड्यातून होतो. 12 मिलिमीटर प्लायची फूट-सव्वा फूट लांब काठी घ्यावी. एका टोकाला लाकडाच्या मागच्या कडेवर बसेल अशी काटकोनी खाच, दुसरे टोक मुठीत मावेल असे, कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या. त्याहून चांगला बुटाचा आकार: लांब तळवा लाकूड दाबून धरतो, मागची टाच ते पुढे ढकलते. साधे लाकूड रेषेत फाटते म्हणून प्लाय बरा. लोखंडी पट्टी नकोच. (ही काठी हातकरवतीने कापावी, त्याच उघड्या पात्यावर नव्हे!) पात्यापासून वीतभराच्या आत हात जायची वेळ आली की काठी घ्यायचीच, आणि ती जवळच खिळ्याला टांगलेली असावी. शोधावी लागली तर कोणी वापरत नाही.

दुसरा धोका उसळीचा. चिरलेले दोन भाग मिटून पात्याला चिमटले की मागचे दात लाकूड उचलून कारागिराकडे भिरकावतात आणि त्यावर टेकलेला हात पात्यावर जातो. तयार टेबल करवतीत पात्यामागे पोलादी पट्टी असते, ती फट मिटू देत नाही. उलट्या कटरला ती नसते, आणि काठी तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून झाकण आणि पट्टी असलेले यंत्रच योग्य. उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. हातमोजे घालू नयेत. दातात अडकले तर हात ओढला जातो.

यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण 1948 च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले, पण चार माणसांचे फ्लॅटमधले काम कारखाना ठरत नाही. तिथे विचारणारा घरमालकच.

बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, कॉफी काही लावू नये. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये, त्याने पेशी मरतात. लोंबकळणारी कातडी तोडू नये. रुग्णाला चहा-पाणी न देता 108 ला फोन करून प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे.